शिवी एक, ढेकर दोन

सोमवार, ३

आमच्या कचेरीत चित्र हललं की ते मुलांचं. हा नियम कुणी केला कोण जाणे, पण जे जे काढलेलं, रंगवलेलं आणि हलणारं, ते सगळं बालविभागात येतं, आणि बालविभाग म्हणजे मी. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भाषा शिकवली, शेवटची सहा वर्षं पर्यवेक्षिका होते, म्हणून निवृत्तीनंतर मला या परीक्षक मंडळावर घेतलं. कोणता कार्यक्रम कोणत्या वयाच्या मुलांनी पाहावा हे आम्ही ठरवतो. आजवर माझ्या वाट्याला मोजे हरवलेली मांजरं आणि एकमेकांना मदत करणारे ढग आले. आज बेडूक आला.

सव्वीस भागांची मालिका. बेडूक टॅक्सी चालवतो, अंगात भोकाभोकांचा बनियन, पोटावर केस. बेडकाला केस! पहिल्या पाच मिनिटांत त्याने तीन ढेकर दिले, एक त्याहून वाईट आवाज काढला आणि वाहतूक पोलिसाला सांगितलं, "तू आधी ढुंगण धू!" हे त्याचं पालुपद आहे. बायकोला, डॉक्टरला, महापौराला, सगळ्यांना हेच. आणि कंपनीला प्रमाणपत्र कुठलं हवंय, तर सात वर्षांपुढच्या मुलांचं.

मी फाईल तशीच उचलून आमच्या प्रमुखांपुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "बाई, नकार द्यायचाच आहे, पण सगळे भाग बघून द्या. न बघता दिला तर ते लोक उद्या कोर्टात उभे राहतील."

आमची बघायची पद्धत अशी. तक्त्यात पाच रकाने असतात: शिवी, शारीरिक आवाज, दारू, मारामारी, उघडेपणा. एकाने पडद्यावरची नजर न हलवता पुकारायचं, दुसऱ्याने रकान्यात रेघ मारायची. शिवी शब्दशः पुकारायची, कारण ती शब्दशः नोंदवावी लागते. पण माझ्या जोडीदार बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर, आणि बघायच्या खोलीत रंगकाम काढलेलं. "घरीच बघा," प्रमुख म्हणाल्या, "रेघा मारायला घरातलं कुणीतरी भरवशाचं घ्या."

घरात भरवशाचं म्हणजे आमचे हेच. दुसरं आहे कोण?

मंगळवार, ४

हे जन्मभर जमिनी मोजत होते, त्यामुळे रेघ सरळ येते. चार उभ्या, पाचवी आडवी, पुन्हा चार उभ्या. काम मिळाल्यावर इतके खूश झाले की पेन्सिली तासायलाच अर्धा तास घालवला.

अडचण होती ती खारीची. खार म्हणजे आमची नात, वय वर्षं सात. मिळेल ते खिशात साठवते म्हणून हे नाव. शाळा सुटली की साडेबाराला येते आणि सहाला तिची आई, म्हणजे आमची सून, दवाखाना आटोपून तिला घेऊन जाते. सूनबाई दातांची डॉक्टर आहे आणि वळण लावण्याच्या बाबतीत माझ्याहून कडक. तिच्या पोरीच्या कानावर त्या बेडकाचा एक शब्द जरी पडला, तरी माझी खैर नाही; पोर सरळ पाळणाघरात जाईल, असं तिने खारीदेखतच बजावलंय. दुपारचे ते साडेपाच तास हे माझ्या दिवसातलं एकमेव धड काम आहे, ते मला गमवायचं नाही.

म्हणून चोख बंदोबस्त केला. खारीला जेवणाच्या टेबलाशी चित्रं काढायला बसवलं. आम्ही आतल्या खोलीत. दार लावलं, दाराखाली टॉवेल सारला, आणि बेडकाचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून मी कानांवर मोठे हेडफोन चढवले. बेडूक काय बोलतो ते मला एकटीला ऐकू येतं. यांना कमी ऐकू येतं, यंत्र आहे, पण ते डबीत सुखरूप. त्यामुळे पुकारताना मला जरा वरची पट्टी लावावी लागते. हेडफोनमुळे माझा आवाज मला स्वतःला कळत नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे, यांच्यापर्यंत पोचला.

"शिवी! माकडतोंड्या! एक!"

"काय तोंड्या?"

"माकड! माकड!"

दोन भाग झाले. शिव्या एकोणीस, शारीरिक आवाज सव्वीस. बाहेर आले तर खार शहाण्या मुलीसारखी बसली होती. मला बघून तिने डोळे इतके मोठे केले की मी विचारलं, "काय गं, भूक लागली?" तर मान हलवून नाही म्हणाली.

गुरुवार, ६

सहा भाग झाले. बेडूक वाया गेलेला आहे.

खारीची प्रगती मात्र बघत राहावी अशी. आज तिने दोन बाहुल्या समोरासमोर बसवल्या होत्या. एकीच्या कानांवर दोन वाट्या बांधलेल्या, दुसरीच्या पुढ्यात कागद. कागदावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे सात गठ्ठे! कुणी न शिकवता पाचाचा पाढा आला. मी सूनबाईला अभिमानाने दाखवलं. "माझ्याकडे असते म्हणून," असंही म्हटलं. संधी सोडायची नसते.

जिन्यात आम्हा दोघांना वरच्या मजल्यावरचे वकील भेटले. एरवी मान हलवून पुढे जाणारा माणूस आज भिंतीला टेकून मला वाट देत होता. यांना बाजूला घेऊन त्यांनी स्वतःचं कार्ड दिलं आणि हळूच काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर हे म्हणाले, "कळलं नाही नीट. 'सहन करू नका, मी आहे' असं काहीसं म्हणत होते." घराच्या कागदपत्रांचं असणार. वकिलांना सगळीकडे खटला दिसतो.

शनिवार, ८

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. आज मी हसले.

नवव्या भागात बेडूक महापौराच्या सत्काराला जातो आणि त्याला ढेकर येतो तो थेट ध्वनिक्षेपकात. मी "शारीरिक आवाज!" पुकारायला गेले आणि मला शब्दच फुटेना. हे विचारतात, "किती? किती?" आणि मी नुसती बोटं दाखवतेय. मग यांनी हेडफोनचा एक कान स्वतःच्या कानाला लावला, आणि हेही सुरू झाले. यांच्या डोळ्यांतून पाणी. कान गेल्यापासून हे घरात पाहुण्यासारखे वावरतात, पेपर वाचतात, हो-नाही करतात. आज दोघं पलंगावर आडवे पडून हसलो. किती वर्षांनी, ते मोजायला गेले नाही.

त्यानंतर बेडूक मुलीच्या शाळेत तिचं गाणं ऐकायला जातो. दारावरचा माणूस बनियन बघून आत सोडत नाही, म्हणून हा खिडकीच्या गजांना लटकून ऐकतो आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतो. यांनी पेन्सिल तयार धरून विचारलं, "याची रेघ कुठे मारू?"

तसा रकाना नाही. "पुढे चला," म्हटलं.

सोमवार, १०

आभाळ कोसळलं.

शाळेत आज परिचारिका मुलांचे हात तपासायला आली होती. खारीपुढे आल्यावर तिने विचारलं, "हात धुतलेस का?" आमच्या खारीने तिच्याकडे बघून, कमरेवर हात ठेवून, स्पष्ट उच्चारांत सांगितलं, "तू आधी ढुंगण धू!"

सगळा वर्ग बाकांवर लोळला म्हणे. सूनबाईला दवाखान्यातून बोलावून घेतलं. संध्याकाळी ती आली तेव्हा तिचा चेहरा बघून यांनी पेपर डोक्यापर्यंत वर घेतला.

"आई, ते तुमचं बेडकाचं काम अजून चालू आहे ना?"

मला राग आला. मी तिला बाहेर टेबलाशी बसवलं, आतल्या खोलीत जाऊन दार लावलं, टॉवेल सारला आणि हेडफोन लावून मालिका चालू केली. मी आत पाच मिनिटं गप्प बसून बेडूक बघितला. बाहेर येऊन विचारलं, "काय ऐकू आलं?"

"काही नाही," तिला कबूल करावं लागलं.

"मग?"

म्हणजे उघड आहे. ही मालिका प्रमाणपत्राच्या आधीच कुठूनतरी मुलांपर्यंत पोचली आहे, आणि कुणीतरी माझ्या नातीच्या डोक्यात ते भरवतंय. खार नाव सांगत नाही. शब्द नाही काढत तोंडातून. सूनबाईने तिची सायकल कुलपात टाकली. नाव सांगितलंस की किल्ली मिळेल, म्हणाली. दिवसातून दहादा त्या सायकलची घंटी पुसणारी पोर, पण गप्प.

बुधवार, १२

चौकशी सुरू केली. पर्यवेक्षिका होते तेव्हा खडू कुणी पळवला हे मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखायची.

पहिला संशय वरच्या वकिलांवर, त्यांच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे. सरळ वर गेले आणि विचारलं, "तुमच्याकडे दुपारी शिवीगाळ ऐकू येते का?"

ते चपापले. "येते," म्हणाले.

"कुठून?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांना कोड्यात टाकतेय. मग म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःहून आलात हे फार चांगलं केलंत. राग प्रत्येकालाच येतो. पण ते बिचारे उलटून एक शब्द बोलत नाहीत हो."

काय बोलतो हा माणूस! काहीतरी दडवतोय, एवढं मात्र नक्की.

यांनाही उलटसुलट विचारून झालं. हे म्हणाले, "मी तर फक्त रेघा मारतो."

शुक्रवार, १४

आज खारीला मांडीवर घेतलं. तिच्या खिशात दोन बटणं, एक खोडरबर आणि यांच्या पेन्सिलीची सालं निघाली. गोड बोलून पाहिलं, मग शिक्षिकेच्या आवाजात पाहिलं.

"हे बघ, तुला असले शब्द शिकवणारं माणूस चांगलं नाही. अशा माणसाजवळ बसायचंसुद्धा नाही."

तिने सालं पुन्हा खिशात भरली.

"ती वाईट नाहीये," म्हणाली.

चला, म्हणजे मुलगी आहे, एवढा धागा तरी लागला! मी विचारलं, "तुझ्या वर्गातली का?" तिने नाही म्हटलं. "मोठ्या वर्गातली?" थोडा विचार करून म्हणाली, "खूप मोठ्या." आणि मग माझ्या गळ्यात हात टाकून हुंदके देऊन रडली. मी म्हटलं, रडू नकोस, मी शोधून काढते तिला. तर आणखीच जोरात रडायला लागली.

माझं काळीज तुटलं. कोण ती कार्टी, जिच्यासाठी माझी नात सायकल सोडते?

अहवालाचा मसुदा लिहायला घेतला. सहज लिहीत नाही मी असं, पण आज लिहिलं: 'ही मालिका विषारी आहे. प्रत्यक्ष पुरावा माझ्या घरात आहे.' सोळा भाग झालेत, दहा राहिलेत. हे विचारत होते, "आज बघायचं नाही का बेडूक?" मी म्हटलं, बघायचा, पण हसायचं नाही. दोनदा हसले. हे चारदा.

सोमवार, १७

सूनबाईने पाळणाघराचा अर्ज आणला. पुढच्या सोमवारपासून खार शाळेतून तिथेच जाणार. "तुमचा दोष नाही आई," म्हणाली, "पण शाळेतल्या त्या मुलीचं काही कळत नाही, आणि तुमचं दुपारी काम असतं. तिथे सतत कुणाचं तरी लक्ष राहील."

माझा दोष नाही असं सांगून माझ्याकडून काढून घेतात, त्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, मला दोन दिवस दे, मी त्या मुलीचं नाव आणून देते. ती म्हणाली, "आणा. मग बघू."

उद्या शाळेत जाते.

मंगळवार, १८

वर्गशिक्षिका वयाने लहान आहे, माझ्या एका विद्यार्थिनीची विद्यार्थिनी निघाली. खुर्ची पुसून दिली. मी सगळा पाढा वाचला: मोठ्या वर्गातली मुलगी, वाईट संगत, माझं पद, माझा अनुभव.

"मोठ्या मुलींशी ती कधी बोलताना दिसत नाही," शिक्षिका म्हणाली. "मधल्या सुट्टीत तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा एक खेळ असतो. त्या खिडकीशी बसतात. ही कानांवर दोन्ही हात दाबून धरते आणि मैदानाकडे बघत ओरडते, 'मारामारी, एक! शारीरिक आवाज, दोन!' मैत्रीण कागदावर रेघा मारते. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, हे कचेरीचं काम आहे, आम्हाला हसायची परवानगी नाही."

खुर्ची पुसून दिली होती, पण मला तिच्यावर बसवेना.

"आणि आवाज असा लावते बाई," शिक्षिका कौतुकाने म्हणाली, "शेवटच्या बाकापर्यंत जातो."

घरी आले. खार यायला अजून तासभर होता. यांना आतल्या खोलीत बसवलं, शिव्यांचा तक्ता हातात दिला आणि म्हटलं, मी नेहमी पुकारते तसं पुकारा. दार लावलं, टॉवेल सारला आणि खारीच्या खुर्चीवर, जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले.

"शिवी!" आतून आलं. "माकडतोंड्या! शिवी! डुकराच्या शेपटा! शिवी! तू आधी ढुंगण धू!"

एकेक अक्षर सुटं, ठसठशीत. आणि यांचा आवाज माझ्या निम्माही नाही. वर वकिलांची खिडकी धाडकन लागली. पाठोपाठ जिन्यात पावलं वाजली, दारावर टकटक झाली आणि वकिलांनी फटीतून मला विचारलं, "आता त्यांनीही सुरुवात केली का?"

मला तिथल्या तिथे धरणीत गडप व्हावंसं वाटलं. बेडकाने माझ्या नातीला एक शब्द शिकवलेला नाही. अख्खा बेडूक मी शिकवला, उच्चारांसकट. ती खूप मोठ्या वर्गातली मुलगी मी.

बुधवार, १९

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून दवाखान्यात गेले. सूनबाईला वाटलं दाढ दुखतेय. मी काही बोलायच्या आत तिने मला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला आणि कापसाचे दोन बोळे गालांत सारले.

"कुठे दुखतंय?"

"ई ओअई," मी म्हटलं.

"काय?"

मी बोळे काढले. "ती मुलगी. ती मी होते."

आडव्या माणसाला खोटं बोलता येत नाही बहुतेक. सगळं सांगितलं. हेडफोन, यांचे कान, महापौराच्या भागाला आम्ही लोळून हसलो ते, वकिलांचं कार्ड, शाळेतली खिडकी. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. तोंडावर मास्क, त्यामुळे वर फक्त डोळे, आणि डोळ्यांवरून मला कळेना की ही चिडली आहे की काय. मी म्हटलं, "पाळणाघराचं तू ठरवशील ते. पण पोरीला सायकल आजच दे. तिची काही चूक नाही."

तिने हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे नऊ दिवस तिला माहीत होतं."

संध्याकाळी आली ती सरळ खारीपुढे जमिनीवर बसली. किल्ली तिच्या हातात ठेवली.

"आजीने सांगितलं मला. तू का नाही सांगितलंस?"

खारीने आधी माझ्याकडे बघितलं. मी फुटले आहे याची खात्री झाल्यावर म्हणाली, "मग तू मला पाळणाघरात टाकलं असतंस."

"आणि तुला तिथे आवडलं नसतं?"

"मला आवडलं असतं. तिथे घसरगुंडी आहे." किल्ली खिशात गेली. "पण मग दुपारी आजीला कोणी सांभाळलं असतं? आजोबांना तर ऐकूच येत नाही."

सूनबाई उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मी पाठोपाठ गेले नाही. हे पेपरामागून म्हणाले, "काय म्हणाली ती?" मी यांच्या कानाशी जाऊन अगदी हळू सांगितलं. यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं.

पाळणाघराचा अर्ज सूनबाईने पर्समधून काढून फाडला. जाताना दारात थांबून म्हणाली, "आई, उरलेले भाग बाबांना यंत्र लावून बघायचे. आणि पुकारायचं नाही, बोटांनी दाखवायचं." एक पायरी उतरली, पुन्हा वर आली. "तो महापौराचा भाग कितवा म्हणालात?"

शुक्रवार, २१

सव्वीसही भाग झाले. शिव्या दोनशे एक्केचाळीस, शारीरिक आवाज तीनशे आठ. जुना मसुदा फाडला आणि तक्ता नव्याने भरला. शिफारस: फक्त प्रौढांसाठी. कंपनीच्या माणसाने दोनदा फोन केला की बाई, चित्रंच तर आहेत. त्याला सांगितलं, चित्रं आहेत म्हणून माझ्याकडे आलीत, माझ्याकडून मुलांकडे जाणार नाहीत. बेडूक मला आवडतो, हे त्याला सांगितलं नाही.

तक्त्याच्या शेवटी एक प्रश्न असतो, त्यात मी आजवर नेहमी 'नाही' एवढंच लिहीत आले: मुलांवर प्रत्यक्ष परिणाम आढळला काय, आढळल्यास तपशील द्यावा. आज 'नाही' लिहवेना. खरं काय ते वाचल्यावर प्रमुख मला मंडळावर ठेवतील की नाही, सांगता येत नाही. पण चौतीस वर्षं मुलींना खरं लिहा म्हणून बजावलं, तेव्हा सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'होय. सात वर्षांच्या एका मुलीने एकसष्ट वर्षांच्या परीक्षकाला सलग नऊ दिवस पाठीशी घातले.'